येशूशी बोलायला सुरुवात कशी करावी: नव्याने येणाऱ्यांसाठी

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्याने दिली जाणारी दीक्षा) २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. संस्कृतातले हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रं पायी पालथी घालून झाली होती, आणि ख्रिस्ती मताचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. तरी १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही.

हा लेख त्या आठ वर्षांबद्दल आहे असं म्हटलं तरी चालेल. तुम्ही ख्रिस्ती घरात जन्मला असाल, दर रविवारी उपासनेला बसत असाल आणि आत कुठेतरी कोरडं वाटत असेल, तर तुम्ही रमाबाईंच्या त्या काळात आहात. किंवा तुम्ही दुसऱ्या घरातून आला असाल, कुणीतरी हातात शुभवर्तमान, म्हणजे येशूची कहाणी सांगणारं बायबलमधलं पुस्तक, दिलं असेल आणि पुढे काय करायचं ते कळत नसेल. दोघांनाही सुरुवात एकाच ठिकाणाहून करायची आहे.

आधी एवढं समजून घ्या, की ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी एक व्यक्ती आहे. देव आपल्यावर प्रीती करतो, तो येशूच्या रूपाने माणसांत आला, वधस्तंभावर आपली पापं त्याने स्वतःवर घेतली, तिसऱ्या दिवशी तो उठला आणि आज जिवंत आहे, असं आम्ही मानतो. तो जिवंत असेल तर त्याच्याशी बोलता येतं आणि त्याची ओळख वाढवता येते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. ती तुम्हाला अजून पटलेली नसली तरी पुढे वाचा, कारण न पटलेल्या माणसालाही येशूने दारातून परत पाठवलेलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप त्याला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एका वाक्यात विश्वासही आहे आणि अविश्वासही. येशूने त्याचा मुलगा बरा केला.

मार्कपासून सुरू करा

नवा माणूस बहुतेक वेळा बायबल पहिल्या पानापासून उघडतो. उत्पत्ती छान वाचून होते, निर्गमही जमतं, आणि लेवीयमधल्या होमबलींच्या नियमांपाशी पुस्तक बंद होतं. ते भागही महत्त्वाचे आहेत, पण ते नंतर कळतात. ज्याची ओळख करून घ्यायची आहे त्याच्यापासूनच सुरुवात करा.

मार्ककृत शुभवर्तमान चारांतलं सगळ्यात छोटं आहे, फक्त १६ अध्यायांचं. पहिल्यांदा ते एका बैठकीत वाचून काढा. दीड-दोन तास लागतील. रविवारची दुपार त्यासाठी ठेवा. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, टीपा काढू नका. हा माणूस कसा आहे एवढंच बघा. तो कुणाला हात लावतो, कुणावर रागावतो, कुणाकडे जेवायला जातो, थकल्यावर कुठे झोपतो. (होडीत, वादळ चालू असताना, उशाला घेऊन.) दुसऱ्या दिवसापासून रोज दहा-पंधरा ओव्या, त्याहून जास्त नाही. आमच्याकडे बायबलच्या वचनांना ओवी म्हणायची पद्धत आहे, म्हणून तोच शब्द वापरतो.

भाषांतर कुठलं घ्यावं? बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक मराठी मंडळ्यांत (चर्चमध्ये) वाचलं जातं. त्याची भाषा थोडी जुनी असली तरी कानाला गोड आहे आणि पाठांतराला सोपी जाते. जड वाटलं तर आजच्या मराठीतल्या सोप्या आवृत्त्याही आहेत. फोनवर मराठी बायबल फुकट मिळतं, ऐकायचीही सोय आहे. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. तरी घरी मात्र छापील पुस्तक ठेवा. फोन उघडला की बायबलच्या आधी वीस निरोप दिसतात, आणि मन तिकडेच जातं.

एक प्रसंग सावकाश

रोजचं वाचन कसं करायचं ते एका उदाहरणाने दाखवतो. मार्कचा दहावा अध्याय, ४६ ते ५२ ओव्या.

यरीहो गावाबाहेर बार्तीमय नावाचा एक आंधळा भिकारी रस्त्याच्या कडेला बसला आहे. येशू चालला आहे असं कानावर येताच तो ओरडू लागतो, ‘येशू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर.’ लोक त्याला दटावतात, गप्प बस म्हणतात. तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला बोलवायला सांगतो. बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो आणि त्याच्याकडे येतो. येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?

आता इथे थांबा. समोर आंधळा उभा आहे. त्याला काय हवं ते साऱ्या गावाला दिसतंय. तरी येशू विचारतो, कारण ते त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. भीक हवी म्हणाला असता तर भीकही मिळाली असती कदाचित. तो म्हणतो, मला दिसू दे. त्याला दिसू लागतं, आणि तो वाटेने येशूच्या मागे चालू लागतो.

जरा वर जाऊन ३६वी ओवी बघा. हाच प्रश्न येशूने थोड्या वेळापूर्वी आपल्या दोन शिष्यांना, याकोब आणि योहानाला, विचारलेला आहे. त्यांनी काय मागितलं? तुझ्या वैभवात एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसू दे. वर्षानुवर्षं बरोबर राहिलेल्यांनी खुर्ची मागितली आणि रस्त्यावरच्या भिकाऱ्याने डोळे मागितले. मार्कने हे दोन प्रसंग शेजारी ठेवले आहेत. ते वाचताना मला प्रत्येक वेळी माझ्या मागण्यांची यादी आठवते.

आता पुस्तक मिटा आणि तोच प्रश्न तुम्हाला विचारला आहे असं समजा. त्या भिकाऱ्याच्या जागी उभे राहा. येशू थांबलाय, तुमच्याकडे बघतोय, विचारतोय. पहिलं जे मनात येईल ते सांगा. ते लहान असेल, स्वार्थी असेल, शिष्यांसारखं खुर्चीचं असेल तरीही. वाचन इथे संपतं आणि प्रार्थना सुरू होते. दोन्हींच्या मध्ये भिंत नाही. रोज एवढंच करायचं आहे: थोडं वाचायचं, येशू काय करतोय ते बघायचं, आणि त्यात स्वतः शिरून त्याला उत्तर द्यायचं.

बोलायचं कसं

नवख्या माणसाला सगळ्यात मोठी अडचण इथे येते. पाळकसाहेबांची प्रार्थना ऐकलेली असते, ‘हे सर्वसमर्थ, सनातन, दयाळू परमेश्वरा’ अशी लांबलचक वाक्यं डोक्यात असतात, आणि ती आपल्याला येत नाहीत म्हणून तोंड उघडत नाही. मंडळीत सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करताना ती भाषा शोभते. एकट्याने बोलताना तिची गरज नाही. ज्या बोलीत तुम्ही घरी हसता आणि भांडता तीच वापरा. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, अहिराणी असेल तर अहिराणी.

पहिली प्रार्थना अशीही असू शकते:

‘देवा, तू ऐकतोस की नाही याची मला खात्री नाही. पण ऐकत असशील तर मला तुला ओळखायचंय. आज कामावर त्या माणसाचा फार राग आला, अजून उतरला नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जवळ आलंय आणि पैशांची जुळवाजुळव व्हायचीय. मला भीती वाटतेय. तू सोबत राहा. येशूच्या नावाने मागतो, आमेन.’

एवढी पुरे. यात काही कमी नाही.

जागेचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. येशूने सांगितलं, की खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर दार कुठलं लावणार? गच्ची, जिना, पहाटेचा ओटा, सगळे झोपल्यावरचं स्वयंपाकघर, चर्चमधला मागचा बाक, काहीही चालेल. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू स्वतः पहाटे, अजून अंधार असताना, घराबाहेर पडून एकांतात जातो. ज्या घरात तो उतरला होता तिथे आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलेलं होतं. गर्दीचं घर त्याला नवीन नव्हतं.

वेळ ठरवा आणि ती छोटी ठेवा. रोज पंधरा मिनिटं, तीही जमतील अशी. आवेशाने तासभर ठरवायचं आणि चौथ्या दिवशी सोडून द्यायचं, यापेक्षा पंधरा मिनिटं कितीतरी बरी.

बोलायला काहीच सुचत नसेल त्या दिवशी प्रभूची प्रार्थना म्हणा, पण घाईने नको. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून थांबा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना घरातला डबा, भाडं, मुलांची फी आठवा. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथे तर थांबावंच लागतं, कारण कुणाचा तरी चेहरा समोर येतोच. ही एक प्रार्थना अशी म्हटली तर पंधरा मिनिटं अपुरी पडतात.

आधी सुधारायचं, मग यायचं?

आधी सुधारायचं आणि मगच देवाकडे यायचं, ही समजूत मोडली नाही तर बाकी सगळं व्यर्थ जातं. ‘माझी दारू सुटली की मी देवाकडे येईन.’ ‘आधी घरातली भांडणं मिटू देत.’ ‘माझ्या हातून जे झालंय त्यानंतर मी कुठल्या तोंडाने प्रार्थना करू?’ रमाबाईंचीही अडचण इथेच होती. त्या विद्वान होत्या, कर्तबगार होत्या, १८८९ मध्ये शारदा सदन सुरू करून विधवांना शिकवत होत्या. तरी आत शांती नव्हती. शेवटी त्या कबूल करतात, की स्वतःच्या विचारांनी काही होईना, स्वतःपाशी काही उरलं नाही, आणि मग कुठलीही अट न घालता त्यांनी स्वतःला तारणाऱ्याच्या हाती दिलं.

हेच पाऊल तुम्हालाही टाकायचं आहे, आणि ते कुणी दुसरा तुमच्या वतीने टाकू शकत नाही. एकांतात बसा. जे लपवत आलात ते नाव घेऊन सांगा. ‘माझ्या हातून चुका झाल्या’ असं मोघम नको; ‘मी भावाचा वाटा बुडवला’ असं म्हणा. मग क्षमा मागा, आणि मिळाली असं धरून चाला, कारण तसं वचन आहे: आपण आपली पापं पदरी घेतली तर तो क्षमा करणारा आहे, असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. त्यानंतर भावाला फोन करावा लागेल. देवाशी झालेला समेट माणसांपर्यंत पोचतो, आणि तो भाग अवघड असतो.

रडू येईल किंवा येणारही नाही. काहींना त्या क्षणी अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटतं, काहींना काहीच वाटत नाही आणि महिन्याभराने ध्यानात येतं की आपण बदललोय. भावनेवरून हिशेब करू नका.

देव बोलतो म्हणजे काय

बहुतेकांना आकाशवाणी ऐकू येत नाही. वाचताना एखादी ओवी मनात रुतून बसते, दिवसभर पाठ सोडत नाही. प्रार्थनेत ज्याचा विचारही नव्हता असं एखादं नाव आठवतं, त्याला भेटावंसं वाटतं. करायच्या बेतात असलेल्या गोष्टीबद्दल मन अस्वस्थ होतं. हा त्याचा आवाज असू शकतो, किंवा आपलंच मन असू शकतं. म्हणून पारखून घ्या. येशूच्या शिकवणीशी ते जुळतं का? त्यातून प्रीती वाढते की अहंकार? श्रद्धेत मुरलेल्या, तुमच्यापासून काही नको असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला ते पटतं का? तिन्हीकडून होकार आला तर पुढे जा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘देवाने मला सांगितलंय की तू अमुक कर’ असं दुसरा कुणी तुम्हाला सांगू लागला तर सावध राहा. औषधं बंद कर म्हणणारा, आशीर्वादाच्या बदल्यात ठरावीक रक्कम मागणारा, घरच्यांशी संबंध तोडायला लावणारा, प्रश्न विचारल्यावर ‘तुझ्यात सैतान आहे’ म्हणणारा, यांच्यापासून लांब व्हा. प्रार्थना करा आणि गोळ्याही घ्या. येशूचा प्रेषित पौल, त्याचा सोबती लूक स्वतः वैद्यच होता.

कोरडे दिवस

सुरुवातीची गोडी काही आठवड्यांनी ओसरते. प्रार्थना छताला लागून परत आल्यासारखी वाटते. अशा वेळी नवा माणूस समजतो की आपलंच काहीतरी चुकलं, किंवा हे सगळं खोटंच होतं. तेव्हा स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रांत स्तुती आहे तशा तक्रारीही भरपूर आहेत. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचं, आणि सुरुवात काय? ‘हे परमेश्वरा, कोठवर? तू मला सर्वकाळ विसरणार काय?’ अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. आशेचं एक वाक्यही शेवटी जोडलेलं नाही. तरीही ते देवालाच उद्देशून आहे, आणि पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. येशूनेही वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचीच पहिली ओळ उच्चारली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’

म्हणून त्या दिवसांत गप्प होऊ नका, तक्रार करा. ठरलेली पंधरा मिनिटं बसा, एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि उठा. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर हा फक्त श्रद्धेचा कोरडेपणा नाही. डॉक्टरांकडे जा, आणि जवळच्या माणसाला आजच सांगा.

मंडळी शोधताना

नातं वैयक्तिक आहे म्हणजे एकट्याचं आहे असं नाही. प्रभूची प्रार्थना ‘आमच्या’ने सुरू होते. जवळची मंडळी शोधा. महाराष्ट्रात उत्तर भारतीय मंडळी (सी. एन. आय., स्थापना १९७०), मेथडिस्ट, अलायन्स, साल्व्हेशन आर्मी अशा अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या आहेत. वसईपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत (पूर्वीचं औरंगाबाद) कॅथलिक धर्मग्रामांत मराठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होतो. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) बाजूला गेलात तर पेटी-तबल्यावर म्हटली जाणारी भजनं ऐका. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताला आळवलं आणि ती पदं आजही उपासनेत म्हटली जातात. आपल्याच मातीतल्या सुरात देवाची स्तुती ऐकल्यावर परकेपणाची भावना बरीचशी गळून पडते.

पहिल्यांदा जाताना मागे बसा. लोक उभे राहिले की उभे राहा. अर्पणाची पिशवी किंवा थाळी फिरेल, पाहुण्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) किंवा कॅथलिक मिस्सेतलं पवित्र ख्रिस्तशरीर बाप्तिस्मा न झालेल्यांनी घेऊ नये, त्या वेळी जागेवर बसून प्रार्थना करा. नंतर पाळकांना किंवा फादरना भेटून सरळ सांगा की मी नवा आहे, मला शिकायचंय. एका रविवारवरून मत बनवू नका, चार-सहा वेळा जा. तिथे म्हाताऱ्या माणसांना कसं वागवतात, गरीब माणूस कुठे बसतो आणि पैशांचा हिशेब उघडा आहे का, हे बघा. प्रवचनाच्या जोरापेक्षा मला या गोष्टी जास्त सांगतात.

घर आणि बाप्तिस्मा

दुसऱ्या धर्माच्या घरातून येणाऱ्यांना हा भाग फार जड जातो. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं-ओवळं चालू ठेवलं, स्वतः विचार केला, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. एकाच घरातली दोन माणसं, दोघांची गती वेगळी. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. आधी जे मिळालं त्याची निंदा न करता पुढे येता येतं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

घरच्यांच्या देवांना नावं ठेवू नका. वाद घालू नका. तुमच्या स्वभावातला बदल त्यांना दिसू द्या. लपवाछपवीही करू नका, विचारलं तर शांतपणे खरं सांगा. बाप्तिस्म्याची घाई करू नका, आणि जो घाई करतो त्याचं ऐकू नका. चांगली मंडळी आधी काही महिने शिकवते, तुम्ही स्वतःच्या इच्छेने आलात ना हे तपासते. अनुसूचित जातीतल्या वाचकांनी हेही माहीत करून घ्यावं, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू होत नाहीत. हे आधी माहीत असावं, आणि माहीत असून निर्णय घ्यावा.

मार्क संपल्यावर

मार्क दोनदा वाचून झालं की लूकचा पंधरावा अध्याय घ्या: हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला मुलगा. मग योहान, २१ अध्याय, सावकाश. १३ ते १७ या अध्यायांना तर आठवडे द्या. पौलाने तुरुंगातून लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र त्यानंतर. स्तोत्रं रोज एक, सुरुवातीपासूनच चालू ठेवा. एक वही करा. रोज तारीख, वाचलेला भाग, आणि जे बोललात त्यातलं एक वाक्य. सहा महिन्यांनी मागची पानं चाळा, कुठल्या मागण्या बदलल्या ते बघा.

आणि एखादं काम हाती घ्या. रमाबाईंना ख्रिस्त भेटल्यावर पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपासमारीने गांजलेल्या शेकडो मुलींना आणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. त्याच कामाच्या गराड्यात मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या वारल्या. तुम्हाला एवढं मोठं नको असेल तर शेजारच्या आजींची औषधं आणून देण्यापासून सुरुवात करा, दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी. जाताना वाटेत तिचं नाव घेऊन प्रार्थना करा. येताना, तिथे काय झालं ते येशूला सांगा.